टॅब दिलात, आता त्यात घरची मराठी येऊ द्या

प्रति,
महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, मुंबई,
तसेच समग्र शिक्षेतील समावेशित शिक्षणाचे जिल्हा समन्वयक, गटसाधन केंद्रांमधले विशेषतज्ज्ञ आणि घरोघरी जाणारे विशेष शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांना घरीच शिकवतात, त्या गृहाधारित शिक्षणाच्या यादीत अशी बरीच मुलं असतात, ज्यांना तोंडाने बोलता येत नाही. कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, त्यामुळे जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ बसत नाही. कुणी स्वमग्न असतं. कुणाला समोरच्याचं सगळं कळतं, पण शब्द ओठांपर्यंत येता येता विस्कटतो. अशा मुलांसाठी चित्रफलक, बोलणारी अ‍ॅप, स्विच म्हणजे एका दाबाने चालणारं बटण, डोळ्यांनी दाखवायची चौकट अशी साधनं आहेत. आम्ही सगळे त्याला एएसी म्हणतो, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. या साधनांचा घरात वापर कसा होतो आणि कुठे अडतो, त्याबद्दल हे पत्र आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घरातली मोठी माणसं त्या फलकावर किंवा टॅबवर स्वतः बोट ठेवून बोलू लागली, की मूल त्यावर बोलायला शिकतं. आज आपल्या नोंदवहीत ‘साहित्य दिले’ असा रकाना असतो. आईला, आजीला, मोठ्या भावाला ते वापरायला शिकवलं का, याचाही रकाना हवा.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती येतात. कलम १७ (च) नुसार वाचा, संवाद किंवा भाषा यांचं दिव्यांगत्व असलेल्यांच्या रोजच्या संवादाच्या गरजा भागाव्यात म्हणून या पद्धतींचा वापर वाढवणं, हे शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणांचं काम आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना योग्य सहायक साधनं वयाच्या १८ वर्षांपर्यंत मोफत द्यायची, हेही त्याच कलमात आहे. ‘रोजच्या’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. रोज म्हणजे मोरीत, ताटासमोर, अंथरुणात, बाजारात. आठवड्यातून एकदा थेरपीच्या खोलीत जे होतं, त्याने रोजची गरज भागत नाही.

सुरुवात ऐकण्याच्या तपासणीपासून व्हायला हवी. जे मूल बोलत नाही त्याची श्रवण तपासणी, लहान असेल तर बेरा चाचणी (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद येतो का ते बघणारी), झालीच पाहिजे. त्याबरोबर नजरही तपासावी. डोळ्यांना दिसतच नसेल तर चित्र कितीही सुंदर असून उपयोग नाही. एवढं झाल्यावर मात्र थांबू नये. ‘आधी नीट बसू दे, आधी रंग ओळखू दे, मग फलक देऊ’ असं म्हणत वर्षं जातात. फलक वापरायला कुठलीही पूर्वपरीक्षा लागत नाही.

पहिलं साधन कागदाचं असावं आणि ते मूल्यमापन शिबिराच्या दिवशीच घरी जावं. ए-फोर कागद आडवा धरून त्यात सहा स्तंभ आणि पाच ओळी आखल्या तर तीस चौकोन होतात. प्रत्येक चौकोन साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद आणि पावणेचार सेंटिमीटर उंच. चित्र खाली आणि शब्द वर छापावा. शब्द खाली असला तर दाखवणाऱ्याचं बोट आणि हात त्यालाच झाकतात, आणि समोरच्याला काय दाखवलं ते वाचता येत नाही. लॅमिनेशन मॅट करावं. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की अर्धे चौकोन दिसेनासे होतात. कापताना कागदाच्या कडेबाहेर निदान पाच मिलिमीटर प्लास्टिक सोडावं. अगदी कडेला कापलं तर लाळ आणि पाणी आत शिरून महिन्याभरात फलक फुगतो. कोपरे गोल करावेत. आणि एकच प्रत देऊ नये. एक स्वयंपाकघरात, एक अंथरुणाजवळ, एक मोरीच्या दारावर, एक दप्तरात किंवा बाहेर जायच्या पिशवीत, अशा चार प्रती लागतात. एकच प्रत असली की ती कपाटावर जाते आणि लागेल त्या वेळी हाताशी नसते.

त्या तीस चौकोनांत काय असावं, यावर आम्हाला जास्त बोलायचं आहे. मराठीतलं खरं काम इथेच व्हायचं आहे.

बहुतेक फलकांवर पाणी, जेवण, शू, शी, झोप, टीव्ही अशी नामं असतात. त्यावर मूल फक्त मागू शकतं. नाही म्हणणं, हाक मारणं, तक्रार करणं, विचारणं, गंमत दाखवणं, यातलं त्याला काहीच करता येत नाही. कोणीही माणूस दिवसभर जे बोलतो त्यातले बहुतेक शब्द त्याच दोन-तीनशे छोट्या शब्दांतले असतात, आणि ते कुठल्याही प्रसंगात चालतात. मराठीत त्या शब्दांची एक सोय आहे: आज्ञार्थी क्रियापद धातूइतकंच लहान असतं. दे, घे, ये, जा, बघ, कर. एका चौकोनात एक शब्द सहज मावतो आणि प्रत्यय नसले तरी वाक्य अपुरं वाटत नाही. आणि ‘नको’. एवढ्याशा शब्दात नकार, कंटाळा, भीती, ‘हात लावू नकोस’, सगळं बसतं. तो शब्द पहिल्या दिवशी फलकावर असलाच पाहिजे.

इंग्रजी यादीचं शब्दशः भाषांतर केलेल्या फलकांवर ‘अजून’च्या जागी ‘अधिक’ येतं, ‘थांब’च्या जागी ‘थांबा’, ‘झालं’च्या जागी ‘समाप्त’. आई घरात तसं बोलत नाही, म्हणून ती त्या चौकोनावर बोट ठेवत नाही, आणि मुलाला तो शब्द कानावर पडत नाही. क्रमाचीही तीच गत. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं. आपण ‘मला ते दे’ म्हणतो. म्हणून मराठी फलकात माणसं डावीकडे आणि क्रियापदं उजवीकडे हवीत, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे गेलं की वाक्य आपोआप आपल्या क्रमाने लागतं.

नमुना म्हणून आमची मांडणी सांगतो. पहिला स्तंभ पिवळा: मी, मला, तू, तुला, कोण. दुसरा: हे, ते, काय, कुठे, का. तिसरा निळा: अजून, परत, दुसरं, छान, दुखतंय. चौथा: आत, बाहेर, वर, खाली, मदत. पाचवा हिरवा: दे, घे, ये, जा, बघ. सहावाही हिरवा: हवंय, कर, थांब, झालं, नको. ‘नको’ खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं आहे, कारण कोपरा न बघताही सापडतो. ‘हवंय’ त्याच्यापासून दूर, वर आहे. हे दोन शब्द शेजारी असले आणि बोट अर्धा इंच घसरलं, तर मुलाचं म्हणणं उलटं होतं आणि त्याला नको असलेला घास तोंडात जातो.

लिंगाचा प्रश्न पुढे येतोच. चहा हवा, पोळी हवी, पाणी हवं. फलकावर तीन चौकोन करू नयेत. चौकोन एकच ‘हवंय’चा ठेवावा, बोट त्यावर ठेवताना मोठ्या माणसाने तोंडाने ‘चहा हवाय?’ असं बरोबर बोलावं. मुलाच्या कानात बरोबर मराठी जाते आणि फलक आटोपशीर राहतो. मात्र बोलणाऱ्या यंत्रात ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे त्या मुलाप्रमाणे पहिल्याच दिवशी बदलून द्यायला हवं. मुलीच्या टॅबमधून ‘मी आलो’ असा आवाज आला की घरातले हसतात. तिला ते कळतं, आणि ती ते बटण पुन्हा दाबत नाही.

घरात ‘माय’ म्हणत असतील तर चौकोनात ‘माय’ छापा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, गोंडी, जी बोली घरात असेल ती फलकावर यावी. प्रमाण मराठी शाळेत शिकेल. दुखतंय हे आधी आईला तिच्या शब्दात कळलं पाहिजे. म्हणून आमची विनंती आहे की राज्यपातळीवर असा मराठी मूळ फलक तयार करून त्याची बदलता येणारी फाइल प्रत्येक गटसाधन केंद्रात द्यावी. तयार पीडीएफ दिली तर शिक्षकाला एक शब्दही बदलता येत नाही. चित्रांसाठी स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा ‘अरासाक’ हा चित्रसंग्रह उल्लेखासह, विनाव्यापारी कामासाठी मोफत मिळतो. माणसांसाठी मात्र चित्रं नकोत, घरच्यांचे फोटोच लावावेत. नामं वेगळ्या पट्ट्यांवर ठेवावीत: जेवण, कपडे, खेळ, माणसं, शरीर, प्रत्येकीवर दहा-बारा. शरीराच्या पट्टीवर गुप्तांगांची नावं असलीच पाहिजेत. संकोचाने ती काढली जातात, आणि मग कुणी वाईट स्पर्श केला तर सांगायला त्या मुलाकडे शब्दच उरत नाही.

ज्यांचं बोट जागेवर पोचत नाही त्यांचं काय, हा पुढचा भाग. आधी बसणं नीट करा. कंबर मागे टेकलेली, गुडघे आणि घोटे काटकोनात, तळपाय पाटावर किंवा विटेवर ठेवलेल्या फळीवर टेकलेले. पाय लोंबकळत असले तर सगळं अंग स्वतःला सावरण्यात गुंततं आणि हात थरथरतो. फलक मांडीवर सपाट ठेवू नका. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ठेवा. तरीही बोट भलत्या चौकोनावर पडत असेल तर चौकोन मोठे करून संख्या कमी करा, पण ‘नको’, ‘अजून’, ‘झालं’ ठेवा. टॅबवर तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकची छिद्रांची जाळी बसवता येते. नेमप्लेट करणारे लेझरवर ती कापून देतात. हात जाळीवर टेकतो, बोट छिद्रातून आत जातं, शेजारचं बटण दाबलं जात नाही. छिद्रांच्या कडा मात्र पॉलिशपेपरने घासून घ्या.

हात अजिबात वापरता येत नसेल तर डोळे वापरता येतात, आणि त्याला महाग यंत्रच लागतं असं नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची एक पाटी घ्या, साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटर. मधोमध चेहरा दिसेल एवढी खिडकी कापा. चार कोपऱ्यांवर चार चित्रं चिकटवा, दोन्ही बाजूंनी, म्हणजे मुलाला आणि समोरच्याला एकच दिसेल. समोर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, पाटी मधे धरा. मूल आधी चित्राकडे बघतं, मग खिडकीतून तुमच्या डोळ्यांत बघतं. त्या दुसऱ्या नजरेने त्याची निवड पक्की होते. तिच्यासाठी न थांबता घाईने ‘हे ना?’ म्हटलं तर आपण आपलंच उत्तर त्याच्या नावावर खपवतो. नजरही स्थिर राहत नसेल तर मोठ्या माणसाने फलकावरची एकेक ओळ बोटाने दाखवत वाचायची आणि मुलाने ‘हो’ची खूण करायची: डोळे वर, मूठ, आवाज, जे जमेल ते. क्रम रोज तोच ठेवायचा, आधी ओळ, मग ओळीतला शब्द. ‘हो’ची खूण कुठली, हे कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर आत्या आली की तिला काहीच कळत नाही.

आता टॅब. मराठीत मोफत वापरता येणारं ‘जेलो’ हे अ‍ॅप आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालं आहे. त्यात आवड, नावड, होकार, नकार, जास्त, कमी अशी सहा भावनादर्शक बटणं चित्राबरोबर जोडून वापरता येतात, म्हणून नुसत्या मागणीपलीकडे जाता येतं. अ‍ॅप कुठलंही असो, टॅब घरी देण्यापूर्वी पुढची कामं केंद्रातच करून द्यावीत.

सेटिंगमध्ये जाऊन मराठी आवाजाची फाइल उतरवून घ्या आणि मग विमान मोड लावून टॅब बोलतो का ते ऐका. ही चाचणी सोडली तर वाडीत रेंज गेल्यावर टॅब मुका होतो. मराठी आवाज नसला की काही अ‍ॅप हिंदी आवाजात मराठी वाचतात, आणि हिंदीत ‘चमचा’मधला दंत्य च नाही, मूल चुकीचा उच्चार ऐकतं. असे शब्द घरातल्या कुणाच्या तरी आवाजात रेकॉर्ड करा, शक्यतो त्याच वयाच्या मुलाच्या, आणि मुलगी असेल तर मुलीच्या. बोलण्याचा वेग थोडा कमी ठेवा. नोटिफिकेशन बंद करा. अ‍ॅप पिनिंग लावा, म्हणजे होमचं बटण दाबून मूल बाहेर पडत नाही. आयपॅडवर हेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करतं. हात वारंवार आपटत असेल तर दाबून धरण्याचा कालावधी वाढवा. मिक्सर चालू असताना टॅबचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर सोबत द्या. आणि शब्दसाठ्याची बॅकअप फाइल केंद्राच्या संगणकावर ठेवा. दुरुस्तीवाल्याने टॅब रीसेट केला की सहा महिन्यांचं काम एका मिनिटात जातं.

बोलायचा टॅब आणि कार्टून बघायचा टॅब एकच नसावा. एकच असला की मुलासाठी तो खेळणं होतो, आणि रागावून काढून घेतला जातो. बोलणाऱ्या मुलावर रागावलो तरी आपण त्याची जीभ काढून घेत नाही.

आता मुख्य काम, ते माणसांचं आहे. ते करताना कसं दिसतं, तेवढं सांगतो. सकाळी मोरीत अंघोळ चालू आहे. फलक दारावर आहे. आई तांब्या भरते, म्हणते ‘अजून?’ आणि ‘अजून’वर बोट ठेवते. मग पाणी ओतते. पुन्हा तांब्या भरते, बोट ‘अजून’वर, आणि थांबते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. मूल काहीच करत नाही. ती काही विचारत नाही, रागावत नाही, त्याचा हात धरून चौकोनावर ठेवत नाही. ‘अजून’ म्हणून पाणी ओतते. डोळ्यांत साबण जातो, मूल तोंड फिरवतं. आई लगेच ‘नको’वर बोट ठेवते, ‘नको, नको वाटतंय’ म्हणते आणि हात मागे घेते. एवढंच. दिवसातून चार प्रसंग, प्रत्येकात एक-दोन शब्द. मुलापेक्षा आईचं बोट फलकावर जास्त वेळा पडलं पाहिजे, निदान पहिले तीन महिने. बोलणाऱ्या बाळाशीही आपण वर्षभर आधी बोलत राहतो, मगच त्याचा पहिला शब्द येतो.

चुका ठरलेल्या असतात. ‘पाणी कुठंय? दाखव!’ अशी परीक्षा सुरू होते आणि मूल फलकाकडे पाठ करतं. मुलाने ‘नको’ दाखवलं तरी घास भरवला जातो. दोन-चारदा असं झालं की त्याचा त्या चौकोनावरचा विश्वास उडतो. कुणीतरी फलक ‘सुधारून’ शब्दांच्या जागा बदलतो. हाताला लागलेली सवय मोडते आणि मूल पुन्हा शून्यावर येतं. नवे शब्द रिकाम्या जागेत घाला, जुने हलवू नका. मूल एकच बटण वीस वेळा दाबतं म्हणून आवाज बंद केला जातो. ते बडबडणं आहे, बाळ ‘बाबाबा’ करतं तसं.

आणि सगळ्यात मोठी भीती, ‘यंत्राची सवय लागली तर तोंडाने बोलणारच नाही.’ विशेष शिक्षकाने ही भीती घरी पहिल्या भेटीतच उतरवावी. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांपैकी एकाचंही तोंडी बोलणं एएसीमुळे कमी झालं नव्हतं, आणि ८९ टक्क्यांचं वाढलं होतं. वाढ बहुतेकांची थोडी होती, हेही आईबाबांना खरं सांगावं.

आमच्या मागण्या आता सांगतो. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. चार फलक, पाच पट्ट्या आणि डोळ्यांनी दाखवायच्या पाटीचा अ‍ॅक्रिलिक पत्रा त्यात सहज बसतो, तेव्हा टॅबच्या मंजुरीसाठी मूल थांबवून ठेवू नये. शाळेच्या नावावर दिलेला टॅब सुट्टीत शाळेच्या कपाटात राहतो. तो पालकाच्या सहीने घरी राहू द्यावा, आणि फुटला तर पालकाकडून वसुली नको. वसुलीच्या धास्तीनेच तो गुंडाळून माळ्यावर ठेवला जातो. पहिल्या दोन महिन्यांत सहा भेटी फक्त घरच्यांना शिकवण्यासाठी धराव्यात, आणि त्यांत दिवसभर मुलाजवळ असणारी व्यक्ती, बहुधा आजी, समोर असलीच पाहिजे. वांद्र्याला १९८३ पासून वाचा आणि श्रवण दिव्यांगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिच्याशी करार करून प्रत्येक गटाला महिन्यातून एक तास वाचा-उपचारतज्ज्ञाचा व्हिडिओ सल्ला मिळावा. तोंडी परीक्षेत आणि वर्गातल्या प्रश्नोत्तरांत फलकावरचं उत्तर हे बोललेलंच उत्तर धरावं, असं लेखी परिपत्रक निघावं.

भेटीच्या नोंदवहीत तीन प्रश्न छापा: या आठवड्यात घरात कुणी फलकावर बोलून दाखवलं? कुठले शब्द? मुलाने स्वतःहून काय सांगितलं? तिसरी ओळ पहिले काही महिने कोरी राहील. ती कोरी आहे म्हणून साधन परत घेऊ नका.

आपले,
न बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करणारे काही वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि पालक